ब्रायन २: मेंदूतलं नेटवर्क लॅपटॉपवर चालवून बघायचंय? मग हे घ्या

फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जेमतेम येत असली तरी भागतं. रोमां ब्रेत आणि डॅन गुडमन यांनी पॅरिसमधे सुरू केलेलं हे न्यूरॉनची म्हणजे मेंदूतल्या पेशींची नेटवर्क कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर, पहिल्या ब्रायनचा पेपर २००८ चा, ब्रायन २ चा २०१९ चा. न्यूरॉनचं समीकरण वहीत लिहितो तसंच्या तसं टाइप करायचं, आणि २० मिलिसेकंदच्या जागी एकक न लिहिता नुसतं २० टाकलं तर रन व्हायच्या आधीच एरर. आधी वैताग येतो पण नंतर याचीच सवय लागते.

खरी मजा मात्र कनेक्शनमधे. यांच्या डॉक्युमेंटेशनमधलं ४००० न्यूरॉनचं उदाहरण घ्या, ३२०० एक्सायटेटरी (दुसऱ्यांना चेतवणारे), ८०० इन्हिबिटरी (दुसऱ्यांना दाबणारे), जोडणीची शक्यता फक्त २ टक्के, म्हणजे कोण कोणाला जोडलं जाईल हे निव्वळ नशिबावर. रास्टर प्लॉटवर, म्हणजे कोणत्या नंबरचा न्यूरॉन कधी फायर झाला त्याच्या आलेखावर, नुसते विखुरलेले ठिपके, कोणाचा कोणाशी मेळ नाही, तरी नेटवर्क भडकत नाही की विझत नाही, कारण इन्हिबिशनने लगाम धरलेला असतो.

आता लिटविन-कुमार आणि डॉयरन यांचं २०१२ चं मॉडेल बसवा. इथे एक्सायटेटरीच ४०००, त्यांचे ८०-८० चे ५० गट, गटाच्या आत जोडणीची शक्यता बाहेरच्यापेक्षा अडीच पट आणि सिनॅप्स म्हणजे न्यूरॉनमधले सांधेही जास्त ताकदीचे, सरासरी जोडणी मात्र वाढवलेली नाही. ब्रायनमधे हे गट करायला न्यूरॉन जोडणाऱ्या कनेक्ट या कमांडला एक कंडिशन द्यायची, बस. लगेच रास्टरवर पट्टे दिसायला लागतात, एक गट जोरात फायर करतो, थंडावतो, तोवर दुसरा उठलेला असतो, आणि हे चढउतार एकेका न्यूरॉनच्या टाइम कॉन्स्टंटपेक्षा, म्हणजे त्याला प्रतिसाद द्यायला लागणाऱ्या वेळेपेक्षा, कितीतरी संथ. आणि एक करून बघाच, न्यूरॉनचे नंबर शफल करून तोच डेटा परत प्लॉट करा. पट्टे गायब! खऱ्या कॉर्टेक्समधून (मेंदूच्या बाहेरच्या थरातून) रेकॉर्डिंग करणाऱ्याला न्यूरॉन काय गटवार नंबर लावून मिळत नाहीत, त्यामुळे नुसत्या ठिपक्यांवरून 'हे रँडम आहे' म्हणणं किती अवघड ते इथे कळतं.

तक्रारी आहेत. विंडोजवर सी++ कंपायलर नसेल तर नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीवर चालतं आणि रांगतं. सगळ्या न्यूरॉनचं व्होल्टेज रेकॉर्ड करायला लावलं तर रॅम संपलीच समजा, दहाबारा न्यूरॉन निवडा. लाखो न्यूरॉन क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या बऱ्याच कॉम्प्युटरवर) पळवायचे असतील तर सरळ नेस्ट या दुसऱ्या सिम्युलेटरकडे जा, शिकायला आणि असे प्रयोग करायला मात्र माझ्याकडून पाचपैकी साडेचार.