उत्पादन बंद झालेली मॉडेलिंग गिटार: आठ महिने वाजवल्यानंतर

जुनी मॉडेलिंग गिटार, म्हणजे एकीतच वेगवेगळ्या गिटारींचे आवाज काढणारी, घ्यावी की नाही, यात मी तीन आठवडे घालवले. त्या मॉडेलचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झालीत. त्या तीन आठवड्यांत मी एकच प्रश्न घोळवत होते: आवाज खरा वाटतो का? आता कळतंय, तो प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा होता.

तरी आवाजाचं आधी उरकते. या गिटारीत ब्रिजवर (तारा गिटारीच्या अंगावर टेकतात तिथे) प्रत्येक तारेखाली स्वतंत्र पिएझो, म्हणजे तारेचं कंपन पकडून सिग्नल देणारा बारीक सेन्सर असतो. सहा तारांचे सहा वेगळे सिग्नल आतल्या प्रोसेसरकडे जातात आणि तो त्यांना दुसऱ्याच गिटारीचा आवाज देतो. नॉब फिरवला की सिंगल कॉइल, अजून फिरवला की हंबकर (हे दोन प्रकारचे मॅग्नेटिक पिकअप, म्हणजे तारेचं कंपन चुंबकाने पकडणारे भाग), पुढे अकूस्टिक, बारा तारांची वगैरे. बँडमध्ये वाजवताना इलेक्ट्रिकचे आवाज बेमालूम खपतात. बारा तारांचा आवाज म्हणजे ताकावर भागवलेली दुधाची तहान. अकूस्टिकचा आवाज हेडफोनवर एकटा ऐकला की कोरडा वाटतो, पण खरी अकूस्टिक ड्रम्स आणि मॉनिटरच्या (स्टेजवरच्या स्पीकरच्या) शेजारी नेली की नको तशी घुमायला लागते, तशी ही भरीव लाकडाची घुमत नाही. स्टेजवर मला तेवढं पुरतं.

मी प्रेमात पडले ते ट्यूनिंगच्या. डी-ए-डी-जी-ए-डी (सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंतचे सूर) हे ट्यूनिंग लावायचं तर सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन सेमीटोन उतरवावी लागते. इथे खुंटीला हातही न लावता नॉबवर ते होतं, आणि पुढच्या गाण्याला परत नेहमीचं. तारांचे सिग्नल सुटे असतात म्हणूनच प्रोसेसरला हव्या त्याच तारा उतरवता येतात. पण पहिल्या रात्री घरी अँप बारीक ठेवून वाजवली आणि कानात दाढदुखी सुरू झाल्यासारखं झालं. अँपमधून उतरवलेला सूर येतो, आणि हातातली तार मात्र आपल्या मूळ सुरातच वाजत असते. दोन्ही एकदम ऐकू येतात. बिघडलेली गिटार गळ्यात मारली म्हणून विकणाऱ्याला मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं. हेडफोन लावल्यावर उलगडा झाला. (माफ करा, भाऊ.)

आता पहिल्या नंबरचा प्रश्न: इलेक्ट्रॉनिक्स मेलं तर हातात काय उरतं?

१९९५ साली रोलँडचं व्हीजी-८ आलं तेव्हा मॉडेलिंग वेगळ्या डब्यात होतं. गिटार साधीच, तिच्यावर सहा तारांचा पिकअप बसवायचा. डबा गेला तरी गिटार शाबूत. पुढे लाइन ६च्या व्हेरिअॅक्सने ते सगळं गिटारीच्या पोटात घातलं, आणि तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांत मॅग्नेटिक पिकअप नव्हतेच. म्हणजे सर्किट गेलं की उरतं ते फक्त लाकूड. नंतरच्या जेम्स टायलर व्हेरिअॅक्समध्ये मॉडेलिंगबरोबर खरे पिकअपही आले. आज जुनी गिटार बघायला जाल तेव्हा हा फरक रंग, फ्रेट, नेक या सगळ्यांच्या आधी बघा. आणि पिकअप दिसतात एवढ्यावर विश्वास ठेवू नका. मॉडेलिंग बंद करून, जमल्यास बॅटरीही काढून, साध्या केबलवर पाच मिनिटं वाजवा.

मी हे केलं नाही. नशिबाने माझ्या गिटारीत पिकअप निघाले आणि तेही बरे. बॅटरीच्या बाबतीत नशीब तोकडं पडलं. पॅक मूळचा, इतक्या वर्षांचा. विकणाऱ्याकडे अर्धा तास छान चालला आणि दुसऱ्याच तालमीत तिसऱ्या गाण्याला मान टाकली. अशा पॅकचा आकार त्या गिटारीपुरताच असतो, त्यामुळे नवा शोधण्यात दीड महिना गेला. साधे पेन्सिल सेल चालणारी मिळाली तर या एका गोष्टीसाठी तिला झुकतं माप द्या.

सॉफ्टवेअर हे आणखी एक लचांड. आवाज नि ट्यूनिंग आपल्या मनासारखं बदलायचं तर कॉम्प्युटरला जोडायला लागते, आणि तो प्रोग्रॅम माझ्या नव्या मशीनवर उघडतच नाही. माळ्यावरचा जुना लॅपटॉप खाली आला. त्याचं इंटरनेट मी कायमचं बंद ठेवलंय, न जाणो एखादा अपडेट घुसला तर! घेतानाच विकणाऱ्याकडून इन्स्टॉलरची फाइल आणि जोडायची केबल दोन्ही मागून घ्या, नंतर फोन उचलले जात नाहीत.

तपासताना नॉबवरच्या प्रत्येक आवाजावर, प्रत्येक तार, एकेक करून वाजवा. कॉर्ड वाजवलात तर एखादा मेलेला पिएझो बाकीच्या पाच तारांत लपून जातो. हे अनुभवाचे बोल आहेत: गेल्या महिन्यापासून माझी पाचवी तार अकूस्टिकवर मध्येच खरखरते, मध्येच गप्प होते. सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, पिएझो त्यातच असतो) काढून, पुसून, वायर हलवून झाली. सुटा सॅडल एका मोडीत काढलेल्या गिटारीतून मिळतोय, पण तो चालू आहे की नाही हे बसवल्यावरच कळणार. तोवर मॅग्नेटिक पिकअपवर वाजवतेय, आणि डी-ए-डी-जी-ए-डीसाठी पुन्हा खुंट्या पिळतेय.