एका दिवसात काठमांडू: पाच ठिकाणे आणि एक दुकान

काठमांडू खोऱ्यातील ज्या सात स्थळांना युनेस्कोने १९७९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांपैकी पाच एकाच दिवसात दाखवणाऱ्या सहलीला मी आणि माझी ७२ वर्षांची आई नुकत्याच जाऊन आलो. पशुपतिनाथ, बौद्धनाथ, पाटणचा दरबार चौक, काठमांडूचा हनुमान ढोका दरबार चौक आणि शेवटी स्वयंभूनाथ असा क्रम होता. भक्तपूर आणि चांगुनारायण ही दोन लांबची ठिकाणे वगळली होती आणि ते योग्यच होते. बारा जणांची व्हॅन, हिंदी व इंग्रजी बोलणारा एक गाइड आणि माणशी २,५०० नेपाळी रुपये असा व्यवहार ठमेल या काठमांडूतील पर्यटकांच्या भागातल्या एका सहल संस्थेशी ठरला. आपल्या १०० रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर कायमचा बांधलेला असल्यामुळे हिशेब सोपा आहे: साधारण १,५६० भारतीय रुपये झाले. प्रवेशशुल्क आणि जेवण यात धरलेले नव्हते. सार्क देशांच्या नागरिकांना प्रवेशशुल्कात चांगली सवलत असते. मात्र ओळख पटवावी लागते, म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हॉटेलात ठेवून जाऊ नये.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वीच सांगितली पाहिजे. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. मोबाइल आपोआप बदलतो, पण आईचा विश्वास मनगटावरच्या घड्याळावर असल्यामुळे आम्ही ‘अगदी वेळेवर’ खाली उतरलो, तेव्हा व्हॅनमधील दहा जण आमच्या नावाने बोटे मोडत बसलेले होते.

पशुपतिनाथाच्या मुख्य देवळात केवळ हिंदूंना प्रवेश आहे. त्यामुळे पहिल्याच ठिकाणी आमच्या गटाचे दोन भाग झाले आणि सहलीच्या आखणीतील पहिली उणीवही तिथेच उघडी पडली. गाइड एकच असल्यामुळे तो आठ परदेशी पाहुण्यांना घेऊन बागमती नदीच्या पूर्वेकडील पायऱ्यांवर गेला, आणि आम्हा चार भारतीयांना पश्चिम दरवाजापाशी सोडून ‘पाऊण तासाने इथेच या’ एवढेच सांगून गेला. पश्चिमेकडून आत शिरले की सोन्याचा मुलामा दिलेला अवाढव्य नंदी प्रथम पाठीकडूनच दिसतो. त्याला वळसा घालून पुढे गेलो आणि समोर जी रांग दिसली ती धरून दर्शन घेतले. पशुपतीचे लिंग चार दिशांना चार मुखांचे आहे, पूर्वेस तत्पुरुष, पश्चिमेस सद्योजात, उत्तरेस वामदेव आणि दक्षिणेस अघोर, आणि वरचे पाचवे ईशान. देवळाला त्यासाठीच चार दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाजातून वेगळ्या मुखाचे दर्शन होते. हे सारे गाइडने फार सुरेख समजावले, पण परतीच्या वाटेवर, व्हॅनमध्ये. केदारनाथाचे दर्शन पशुपतिनाथाला गेल्याशिवाय पुरे होत नाही या श्रद्धेने आई एवढ्या लांब आली होती, आणि तिला एकाच मुखाचे दर्शन घेऊन निघावे लागले. लिंगाला स्पर्श करण्याचा अधिकार कर्नाटकातून येणाऱ्या भट्ट पुजाऱ्यांनाच आहे, हेही तिला तेव्हाच कळले. आत जाणाऱ्यांसाठी दहा मिनिटांची पूर्वसूचना, एवढे केले तरी ही उणीव भरून निघेल.

पलीकडच्या काठावर गेलेल्यांनी काय पाहिले, ते त्यांच्या कॅमेऱ्यांवरून कळले. आर्यघाटावर चिता जळत असतात, नातेवाईक बाजूला बसलेले असतात आणि नदीची रुंदी जेमतेम ओढ्याएवढी असल्यामुळे समोरच्या पायऱ्यांवरून चेहरेसुद्धा ओळखू येतात. गाइडने फोटो काढू नका असे बजावले होते, असे एकाने मला सांगितले. तरीही ज्यांनी काढायचे त्यांनी काढलेच. सहलीतील एक ‘ठिकाण’ म्हणून स्मशान दाखवणे मला खटकले, परंतु हा दोष एका सहल संस्थेचा नाही.

पशुपतिनाथापासून बौद्धनाथ दोनेक किलोमीटरवर आहे, आणि सबंध दिवसातील उत्तम आखलेला भाग हाच. अरुंद दरवाजातून आत गेले की ३६ मीटर उंचीचा स्तूप एकदम अंगावर येतो. चारी बाजूंना रंगवलेले डोळे, वर १३ पायऱ्यांचा सोनेरी शिखरभाग आणि घुमटाच्या पांढऱ्या चुन्यावर केशरी पाणी फेकून उमटवलेल्या कमळाच्या पाकळ्या. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात शिखराला तडे गेले, ते उतरवून पुन्हा बांधावे लागले, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये स्तूप पुन्हा खुला झाला. हा खर्च मुख्यतः भाविकांच्या देणग्यांतून उभा राहिला. १९५९ नंतर तिबेटमधून आलेले निर्वासित या परिसरात स्थायिक झाले, त्यामुळे भोवतालच्या दुकानांत, धुपाच्या वासात आणि लोण्याच्या दिव्यांच्या रांगांत तिबेट आहे. पण नेवार लोक, म्हणजे या खोऱ्याचे जुने रहिवासी, याच स्तूपाला ‘खास्ति’ म्हणतात आणि त्यांची कथा निराळी आहे. गाइड स्वतः नेवार होता. प्रदक्षिणा डावीकडून सुरू करायची, उजवा हात स्तूपाकडे ठेवायचा आणि जाता जाता भिंतीतील मणिचक्रे, म्हणजे मंत्र कोरलेली चक्रे, फिरवायची, एवढे सांगून त्याने आम्हाला मोकळे सोडले. आईने तीन प्रदक्षिणा घातल्या. दुसरीच्या वेळी एका तिबेटी आजीबाईंनी तिचा हात धरून चक्र कसे फिरवायचे ते दाखवले. दोघींची भाषा एक नव्हती, पण चक्र पुरते एक वेटोळे फिरेपर्यंत आजीबाईंनी हात सोडला नाही.

जेवण स्तूपासमोरच्या गच्चीवर झाले. शाकाहारी वाचकांसाठी सूचना: मेनूवर ‘बफ’ लिहिलेले असते ते म्हशीचे मांस, आणि मोमो मागवताना ‘भेज’ असे स्पष्ट सांगावे.

यानंतर पाटणला जायचे होते. कार्यक्रमपत्रिकेत तसेच छापलेले होते. प्रत्यक्षात व्हॅन एका दुकानासमोर थांबली आणि ‘हस्तकलेची ओळख’ या नावाखाली आम्हाला ५० मिनिटे आत बसवण्यात आले. थांका चित्रे दाखवली गेली, त्यांतील सोन्याचे काम भिंगातून दाखवले गेले, आणि मग ‘सिंगिंग बोल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या धातूच्या वाट्यांचा प्रयोग सुरू झाला. विक्रेत्याने एक मोठी वाटी आईच्या डोक्यावर उपडी ठेवली, लाकडी दांड्याने टोला दिला आणि डोळे मिटून शांतता अनुभवा असे हिंदीतून सांगितले. आईने डोळे मिटले नाहीत. “आमच्याकडे काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळतात,” ती मला म्हणाली, “डोक्यावर कुणी ठेवत नाही.” आमच्या व्हॅनमधील कोणीही काही विकत घेतले नाही. गाइड तेवढा वेळ बाहेर फुटपाथवर उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून हा थांबा त्याच्या मनाचा नाही, हे दिसत होते.

हे ५० मिनिटांचे प्रकरण मी इतके लावून धरते त्याचे कारण पुढे आहे. पाटणला आम्हाला अवघी ४० मिनिटे मिळाली. दरबार चौकातील कृष्णमंदिर सिद्धिनरसिंह मल्ल राजाने १६३७ मध्ये बांधले. विटा आणि लाकूड यांच्या त्या सगळ्या वस्तीत हे संपूर्ण दगडी, २१ शिखरांचे देऊळ वेगळे उठून दिसते. पहिल्या मजल्यावरील पट्टीत महाभारत आणि त्यावरील पट्टीत रामायण कोरलेले आहे, आणि समोरच्या खांबावर गरुड हात जोडून गुडघ्यावर बसलेला आहे. पाटणच्या जुन्या राजवाड्यातील संग्रहालय, जिथे या शहरातील मूर्ती कशा ओळखायच्या हे समजते, ते बाहेरूनच पाहावे लागले. आणि मग गाइडने जाता जाता दक्षिणेकडे हात करून सांगितले की पाच-सात मिनिटांच्या अंतरावर रातो मच्छिंद्रनाथाचे देऊळ आहे.

आईचे माहेर पाथर्डी तालुक्यातले आहे. मढीला कानिफनाथ, सावरगावला मच्छिंद्रनाथांची समाधी, श्रावणात घरोघर नवनाथांच्या पोथीचे पारायण अशा वातावरणात ती वाढली, त्यामुळे ते नाव ऐकताच तिने ‘आत्ता जाऊ या’ म्हणून गाइडचा पिच्छाच पुरवला. वेळ नव्हता. त्याने तिला चालता चालता कथा मात्र सांगितली: गोरखनाथ पावसाच्या नागांना खाली दाबून त्यांवर समाधी लावून बसले, खोऱ्यात १२ वर्षे अवर्षण पडले, तेव्हा त्यांना उठवण्यासाठी त्यांच्या गुरूंनाच, मच्छिंद्रनाथांना, कामरूपातून येथे आणण्यात आले, गुरूला वंदन करण्यासाठी गोरख उठले, नाग मोकळे झाले आणि पाऊस पडला. आपल्याकडे गोरख स्त्रीराज्यात जाऊन ‘चलो मच्छिंदर, गोरख आया’ म्हणत गुरूला हलवतो. इथे गुरू येतो म्हणून गोरख हलतो. “आणि हे देव बौद्धांचेसुद्धा आहेत, आमा,” गाइड म्हणाला. “बौद्ध नेवार त्यांना करुणामय म्हणतात. लोकेश्वर. मूर्ती एकच.”

त्या वाक्याने माझ्यापुरता या सहलीचा अर्थ बदलला. पत्रिकेत प्रत्येक ठिकाणापुढे कंसात ‘हिंदू’ किंवा ‘बौद्ध’ असे छापले होते आणि तोवर आम्हीही त्याच खुणेने पाहत होतो. हनुमान ढोक्याला गेल्यावर ती खूण अगदीच निरुपयोगी ठरली. १७५७ मध्ये जयप्रकाश मल्लाने बांधलेल्या कुमारी घरात राहणारी जिवंत देवी शाक्य, म्हणजे बौद्ध नेवार, कुळातून निवडतात आणि तिची पूजा तलेजु भवानी म्हणून होते. मल्ल राजे आणि त्यांच्यामागून आलेले शहा राजे तिचा प्रसाद घेत असत. आमच्या वेळी कुमारी खिडकीत आली नाही. आली तरी तिचा फोटो काढण्यास मनाई आहे. जवळच काष्ठमंडप उभा आहे, ज्याच्यावरून शहराला नाव मिळाले. २०१५ च्या भूकंपात तो रक्तदान शिबिर चालू असताना कोसळला आणि आतील माणसे दगावली. आता जुन्याच पद्धतीने, लाकडात पुन्हा बांधला आहे; आत मध्यभागी गोरखनाथांची मूर्ती आहे. आईने तिथे खाली बसून घेतले आणि पाचएक मिनिटे ती उठली नाही.

स्वयंभूनाथाला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत. आई चढेल का, ही माझी सकाळपासूनची चिंता होती. पण व्हॅन मागच्या बाजूच्या रस्त्याने बरीच वरपर्यंत जाते आणि थोड्याच पायऱ्या उरतात, हे ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. वर माकडांचे राज्य आहे, तेव्हा हातात केळी किंवा पिशवी लोंबकळत ठेवू नये. हे खोरे एके काळी सरोवर होते, मंजुश्री या बोधिसत्त्वाने तलवारीने चोभारची खिंड कापून पाणी सोडले आणि सरोवरातील कमळाचा हा स्तूप झाला, अशी कथा आहे. खोऱ्यात सरोवर होते हे भूगर्भशास्त्रही सांगते. स्तूपाच्या शेजारीच हारितीचे छोटे देऊळ आहे, आणि संध्याकाळी तिथे जितकी गर्दी होती तितकी स्तूपापाशी नव्हती. हारिती ही मुले पळवणारी यक्षीण. बुद्धाने तिचे धाकटे मूल लपवले तेव्हा तिला इतर आयांचे दुःख कळले आणि ती मुलांची राखण करू लागली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती पती पांचिकासह बसलेली आहे, शाळेच्या सहलीत मी पाहिली होती, नाव मात्र तेव्हा कोणी सांगितले नव्हते. इथे ती देवीच्या रोगापासून मुलांना वाचवणारी आहे आणि नेवार तिला ‘आजिमा’, म्हणजे आजी, म्हणतात. आईने पदर सारून दंडावरचा देवी टोचल्याचा जुना व्रण गाइडला दाखवला. आपल्या भाषेत त्या रोगाचे नावच ‘देवी’ आहे, हे त्याला समजावताना मलाच क्षणभर थांबावे लागले.

आता व्यवहाराचे. गाइडला पाचपैकी पाच गुण. त्याच्यासाठी ही सहल घ्यावी. आखणीला अडीच. पशुपतीला सकाळी नेल्यामुळे बागमतीकाठची संध्याकाळची आरती हुकते, आणि पाटणला पत्रिकेत नाव असूनही न्याय मिळत नाही. आरक्षण करताना ‘दुकान नको’ असे आधीच लेखी कळवावे; नाही ऐकले, तर दुकानात न जाता व्हॅनमध्ये बसण्याचा आपला हक्क आहे, हे मला उशिरा सुचले. ज्यांच्याकडे दोन दिवस आहेत त्यांनी पाटण या सहलीतून वजा धरून दुसऱ्या दिवशी सावकाश करावे.

आम्ही तेच केले. सकाळी टॅक्सी करून तडक रातो मच्छिंद्रनाथाला गेलो. देवाचा अर्धा मुक्काम पाटणला आणि अर्धा बुंगमती गावात असतो, तेव्हा आधी चौकशी करून जाणे बरे. आम्ही ती केली नव्हती आणि गाभारा रिकामा होता. आईने उंबऱ्याला हात लावला, देवळाभोवतीची मणिचक्रे काल शिकल्याप्रमाणे एकेक करून सगळी फिरवली आणि म्हणाली, “नाथ बाहेरगावी गेलेत. बुंगमती किती लांब आहे, विचार बरं टॅक्सीवाल्याला.”