सामाईक मेलबॉक्स, चार संगणक आणि थंडरबर्ड : ११ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचे कार्यालय सांगलीत, कर सल्लागाराचे. माणसे सात, संगणक सहा, आणि अशिलांचा जवळजवळ सगळा पत्रव्यवहार ज्यावर येतो तो मेलचा पत्ता मात्र एकच. मी तेथे हिशेब लिहितो. संगणकांची देखभाल माझ्या अंगावर केव्हा पडली ते आठवत नाही, पण प्रिंटरमध्ये अडकलेला कागद एकदा काढून दिला की पुढची सगळी दुखणी त्याच माणसाकडे येतात. ११ महिन्यांपूर्वी आम्ही सर्व संगणकांवर थंडरबर्ड हे मेल वाचण्या-पाठवण्याचे सॉफ्टवेअर बसवले. ते विनामूल्य आहे, जुन्या यंत्रांवरही चालते आणि हजारो मेलांमधून जुने पत्र लवकर शोधून देते, याविषयी माझी काहीच तक्रार नाही. हा अनुभव लिहीत आहे तो 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही' या एका वाक्याविषयी, कारण पहिल्या चार महिन्यांत ते वाक्य आम्ही रोज वाचत होतो.

पूर्वी आमच्याकडे पॉप पद्धत होती. तीत प्रोग्राम सर्व्हरकडे, म्हणजे मेल साठवणाऱ्या दूरच्या संगणकाकडे जातो, नवे मेल उतरवून घेतो आणि संपर्क तोडून मोकळा होतो. त्यामुळे मधल्या वेळात जोडणी आहे की नाही याची कोणालाच फिकीर नसते. परंतु एकीने वाचलेला मेल दुसरीला न वाचलेला दिसतो, उत्तर कोणी दिले ते कळत नाही, म्हणून आम्ही आयमॅप पद्धतीकडे वळलो. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात आणि प्रोग्राम दिवसभर जोडणी उघडी धरून बसतो. जोडणी तुटण्याचे दुखणे तेव्हापासून सुरू झाले. दोष नव्या प्रोग्रामचा असावा असे सर्वांनी गृहीत धरले, मीही धरले.

माझी पहिली चूक अशी की प्रत्येक वेळी मी प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडत असे, आणि तो चालू लागला की प्रश्न सुटला असे समजत असे. शेवटी एक वही घातली. कोणत्या संगणकावर, किती वाजता, पडद्यावर नेमके काय आले, एवढेच तीत लिहायचे. तीन आठवड्यांनी वही चाळली तेव्हा दिसले की सकाळी पावणेअकराच्या आधीची एकही नोंद नाही, आणि सर्वाधिक नोंदी तासगावहून एसटीने येणाऱ्या आमच्या सहकारी बाईंच्या संगणकाच्या आहेत. त्या सर्वांत शेवटी पोहोचतात. म्हणजे उशिरा येणाऱ्यालाच सर्व्हर दारात अडवत होता.

कारण साध्या गुणाकाराचे निघाले. थंडरबर्ड एका आयमॅप खात्यासाठी एकाच वेळी जास्तीत जास्त ५ जोडण्या राखून ठेवते. आपण वेगवेगळे फोल्डर उघडत जातो तशा त्या वाढत जातात. एकट्या माणसासाठी हे सोयीचेच आहे, कारण फोल्डर बदलताना थांबावे लागत नाही. पण आमचा सामाईक मेलबॉक्स चार संगणकांवर उघडा असतो, म्हणजे दुपारपर्यंत मागणी २० जोडण्यांपर्यंत जाते. सर्व्हरच्या बाजूला डोव्हकॉट हे आयमॅपसाठी फार प्रचलित असलेले सॉफ्टवेअर आहे आणि त्याची मूळ मर्यादा एका खात्याला एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून, १० जोडण्यांची असते. कार्यालयातील सगळे संगणक एकाच राउटरमागे असल्यामुळे बाहेरून ते एकाच पत्त्याचे दिसतात. आमचा मेल ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंगवाल्यांना विचारले तेव्हा त्यांनीही १० हाच आकडा सांगितला. विशेष म्हणजे थंडरबर्डच्या संदेशात 'तुम्ही जोडण्यांची कमाल मर्यादा ओलांडली असण्याची शक्यता आहे' अशा अर्थाचे वाक्य स्पष्ट लिहिलेले असते. आम्ही सगळे पहिली ओळ वाचून खिडकी बंद करत होतो.

उपाय दोन मिनिटांचा होता. खात्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या पानावर 'ॲडव्हान्स्ड' बटणाखाली हा आकडा असतो. तो चारही संगणकांवर ५ वरून २ केला. आठ झाल्या, उरलेल्या दोन सरांच्या मोबाइलसाठी राहिल्या, कारण कार्यालयाच्या वायफायवर असताना तोही याच हिशेबात येतो. फोल्डर बदलताना किंचित रेंगाळल्यासारखे वाटते, परंतु त्या दिवसापासून तासगावच्या बाईंच्या नावापुढे वहीत या कारणाची एकही नोंद नाही.

याच काळातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. २० तारखेला, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, एका सहकाऱ्याने अशिलाला कराची रक्कम कळवणारा मेल पाठवला. पडद्यावर बराच वेळ प्रगतीची पट्टी फिरत राहिली आणि अखेर प्रत साठवता आली नाही असा संदेश आला. त्याने पुन्हा पाठवला, आणि नंतर आणखी एकदा. अशिलाला तिन्ही मेल मिळाले आणि कर तीनदा भरायचा आहे का, असा त्यांचा फोन आला. मेल पाठवण्याचे काम एसएमटीपी ही वेगळी पद्धत करते. ती जोडणी स्वतंत्र असते, तिचे पोर्टही, म्हणजे सर्व्हरवरचे दार, ४६५ किंवा ५८७ असे वेगळे, तर आयमॅपचे ९९३. मेल निघून गेलेला असतो. 'पाठवलेले' या फोल्डरात त्याची प्रत ठेवण्यासाठी मात्र पुन्हा आयमॅपची जोडणी लागते, आणि ती त्या वेळी नाकारली जात होती. तेव्हापासून आमच्याकडे नियम केला आहे की असा संदेश आल्यास पुन्हा पाठवण्याआधी समोरच्याला फोन करावा.

जोडण्यांचा आकडा कमी केल्यावर नोंदी निम्म्याहून कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. उरलेल्यांपैकी बऱ्याच जेवणाच्या सुट्टीनंतरच्या होत्या. तासभर कोणी काही केलेले नसते, खालच्या पट्टीत सर्व ठीक दिसते, आणि फोल्डरवर टिचकी मारली की दीड-दोन मिनिटे नुसते थांबावे लागते. येथे सर्व्हर निर्दोष होता. नवा मेल आल्याबरोबर कळावे म्हणून आयमॅपमध्ये 'आयडल' नावाची सोय आहे. तीत प्रोग्राम काही न बोलता कान देऊन बसतो. १९९७ च्या आरएफसी २१७७ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातच सांगितले आहे की प्रोग्रामने ही आज्ञा किमान दर २९ मिनिटांनी नव्याने द्यावी, कारण अर्ध्या तासाच्या शांततेनंतर सर्व्हर जोडणी तोडू शकतो. पण मधला राउटर एवढी वाट पाहीलच असे नाही. स्वस्त राउटर काही मिनिटांची शांतता पाहून ती जोडणी आपल्या तक्त्यातून पुसून टाकतो, आणि हे दोन्ही टोकांपैकी कोणालाच कळवत नाही. प्रोग्रामला वाटते जोडणी आहे. टिचकी मारल्यावर उत्तर येत नाही, आणि थंडरबर्डची वाट पाहण्याची मूळ मुदत १०० सेकंदांची आहे. आम्ही नवे मेल तपासण्याची वेळ दर १० मिनिटांऐवजी ३ मिनिटांवर आणली. जोडणीवरून अधूनमधून काहीतरी जात राहिल्यामुळे राउटर तिला विसरत नाही. हा इलाज थोडा गावठी आहे, तरी पाच महिने टिकला आहे.

सर्वांत चमत्कारिक प्रकार ऑगस्टमध्ये झाला. संपूर्ण कार्यालयाचा मेल बंद पडे, दहा-बारा मिनिटांनी आपोआप सुरू होई, थोडा वेळ चाले आणि पुन्हा बंद. इतर संकेतस्थळे मात्र व्यवस्थित उघडत होती. ब्रॉडबँडवाल्यांनी दोनदा माणूस पाठवला, त्याने दोनदा वायर बदलली. मग मी एक संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहिला आणि मेल तत्काळ आले. ही चाचणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. तिने संगणक, प्रोग्राम आणि सर्व्हर हे तिघेही एका फटक्यात संशयातून सुटतात आणि उरतो तो कार्यालयाचा आयपी पत्ता. आठवड्यापूर्वी आम्ही पासवर्ड बदलला होता आणि कार्यालयात पडून असलेला एक जुना मोबाइल वायफायवरून जुन्याच पासवर्डाने दार ठोठावत होता. बहुतेक मेल सर्व्हरवर चुकीच्या पासवर्डांवर पहारा असतो. फेल२बॅन या प्रसिद्ध पहारेकरी सॉफ्टवेअरची मूळ सेटिंग अशी की १० मिनिटांत ५ चुका झाल्या तर तो पत्ता १० मिनिटांसाठी बंद. आमच्या खेळाचा ताल तंतोतंत तसाच होता. मोबाइलमधून खाते काढले आणि खेळ थांबला.

किरकोळ कारणेही भेटली. एका जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला होता. यंत्र बंद करून सुरू केले की तारीख कित्येक वर्षे मागे जाई आणि सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे समजून संपर्क नाकारला जाई. दुसऱ्या एकावर अँटिव्हायरसची मेल तपासणी मध्ये येत होती, ती बंद केली. एकाने खाली डाव्या कोपऱ्यातील चिन्हावर नकळत टिचकी मारून प्रोग्राम ऑफलाइन करून ठेवला होता, आणि ते शोधायला मला, सांगायला लाज वाटते, पाऊण तास लागला.

ज्या कार्यालयात वही लिहायला कोणी तयार नाही, तेथे थंडरबर्ड घ्यावे असे मी म्हणणार नाही. तेथे ब्राउझरमधून मेल वाचणे बरे. ज्यांना कोठे अडते आहे ते पाहायचे आहे त्यांना हा प्रोग्राम पुष्कळ दाखवतो : 'टूल्स'मधील कामांची यादी, शिफ्ट दाबून उघडणारी अडचणी शोधण्याची पद्धत, आणि फारच झाले तर सर्व्हरशी झालेल्या संवादाची ओळीने नोंद. ती नोंद मी एकदाच काढली आणि होस्टिंगवाल्यांना पाठवली; त्यानंतर 'संगणक पुन्हा सुरू करून पाहा' हे उत्तर त्यांच्याकडून आलेले नाही.

आता वहीत महिन्याला दोन-तीन नोंदी होतात, त्याही बहुतेक पावसाळी. वीज क्षणभर जाते, संगणक यूपीएसवर तग धरतात आणि राउटर तेवढा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्याच्यासाठी छोटा यूपीएस घ्यावा असे सरांना दोनदा सांगून झाले आहे.