लिलावात द्यावी की दर्दीला? एका एमजीबीची विक्री, दोनदा

लेस्टरच्या एका मित्राची जुनी ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार अखेर दुरुस्त होऊन पूर्ण झाली, आणि त्याच महिन्यात घरात दुसरं बाळ आलं. गाडीला सीटा दोनच. तेव्हा विकायची हे ठरलं, प्रश्न एवढाच की कुठे: लिलावात की दर्दी माणसाला. "तू दोन्हीकडे हात पोळून घेतलेत, तूच सांग," म्हणाला. फोनवर तासभर जे बोललो तेच इथे लिहितोय. सुसूत्र असेलच असं नाही.

माझी गाडी 1972 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजीची पक्कं छप्पर नसलेली स्पोर्ट्स कार, टील ब्लू, क्रोम बंपरवाली. सहा हिवाळे तिच्याखाली पाठीवर पडून काढले. दोन्ही बाजूंचे सिल (दाराखालचे पत्र्याचे पट्टे, गाडी त्यांच्यावरच ताठ राहते) कापून नवे घातले, इंजिन उघडलं, वायरिंग बदललं, हूड, म्हणजे वरचं कापडी छप्पर, तेवढं बाहेरून करून घेतलं. घातलेला खर्च विक्रीत वसूल होईल या आशेवर कुणी असेल तर त्याने ती आशा आत्ताच सोडावी, आणि स्वतःचे तास तर मोजूच नयेत. इथे ब्रिटनमध्ये मोटार विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे मला कुणीतरी मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. नफा!

डीलरकडे ठेवणं हा तिसरा मार्ग आहे, पण त्यात मी पडलो नाही. गाडी त्याच्या अंगणात, पावसात, महिनोन्महिने. विकली गेली तर त्याचा वाटा कापून पैसे आपल्याला. ज्यांच्याकडे गाडी ठेवायला जागाच नाही त्यांनी विचार करावा.

आता लिलाव. त्याची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. तारीख ठरलेली असते. अनोळखी माणसं घरी येत नाहीत, "शेवटचं किती?" असे रात्री अकराचे मेसेज नाहीत. हातोडा पडला की सौदा पक्का, कागदपत्रं तेच बघतात. तुम्हाला घासाघीस जमत नसेल (मला जमत नाही, मी मंडईतसुद्धा सांगेल तो भाव देऊन येतो) तर हे सुख मोठं आहे.

खर्चाचं मात्र नीट बघा. विकणाऱ्याकडून कमिशन जातं, घेणाऱ्याकडून बोलीच्या वर प्रीमियम म्हणून जादा रक्कम घेतात, आणि दोन्हींवर व्हॅट. प्रीमियम तर दुसरा भरतो, आपलं काय जातं, असं मलाही वाटलं होतं. पण बोली लावणारा तो धरूनच मनातली हद्द ठरवतो, म्हणजे तोही आपल्याच गाडीच्या किमतीतून निघाला. शिवाय लिलावात गाडी नोंदवण्याची फी आणि गाडी तिथवर नेण्याचा खर्च, विको अथवा न विको.

दुसरं, लिलाव रंगतो तो दोघांना एकच वस्तू हवी असते तेव्हा. एमजीबी 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर निघाल्या. त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या, पण इथेही वानवा नाही. 1988 पासून तर तिची नवी कोरी बॉडीशेलसुद्धा (नुसता पत्र्याचा सांगाडा) मिळते. त्यामुळे माझी गाडी हुकली म्हणून कुणाच्या पोटात खड्डा पडत नाही; पुढच्या महिन्यात दुसरी येणारच असते.

हे सगळं हिशेबात धरूनही मी आधी लिलावातच गेलो होतो. उलटा फिरलो तो एका चोकमुळे.

चोक गार इंजिनाला सुरू होताना जास्त पेट्रोल देतो. एमजीबीत तो म्हणजे डॅशबोर्डवरची एक गुंडी. ओढायची, किंचित फिरवायची की ती तिथेच अडकून राहते. माझ्या गाडीला गारठ्यात अर्धा चोक पुरतो, आणि इंजिनाने सूर धरला की लगेच आत ढकलायचा. विसरलात तर दोन्ही एसयू कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग) पेट्रोल ओतत राहतात आणि स्पार्क प्लग काळे होतात. म्हणून मी एक कार्ड लिहून स्टिअरिंगला बांधलं होतं: अर्धाच, आणि लगेच आत. फोटोत वाईट दिसतं म्हणून ते कुणीतरी काढलं.

लिलावाच्या सकाळी गाडी हलवायला एक तरुण पोरगा आला. चोक पूर्ण ओढला, गाडी सुरू केली, दहा फुटांवर नेऊन बंद केली. तासाभराने परत तेच. तिसऱ्या वेळी ती सुरू झालीच नाही. स्टार्टर मारून मारून बॅटरी बसली. मग दुसऱ्या बॅटरीवरून वीज घ्यायच्या वायरी, जंप लीड, आणल्या आणि बॉनेट उघडून दोघे जण बॅटरी शोधायला लागले! 1974 पर्यंतच्या एमजीबीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, सीटच्या मागे, कार्पेटखालच्या झाकणाखाली. मी दोराच्या पलीकडे उभा राहून हातवारे करत होतो. आत सोडेनात, विमा नाही म्हणे. शेवटी तिघांनी ढकलत माझी गाडी हॉलमध्ये आणली.

ढकलत आणलेल्या गाडीवर कोण बोली लावणार? मागच्या रांगेत कुणीतरी "इंजिन गेलेलं दिसतंय" म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं. माझ्या पायाशी बिलांची फाइल होती, चार बोटं जाड. ती कुणी मागितलीच नाही. बोली राखीव किमतीच्या, म्हणजे ज्याखाली विकायची नाही त्या आकड्याच्या, बरीच अलीकडे थांबली. संध्याकाळी गाडी परत घेताना दार उघडलं तर पेट्रोलचा भपकारा आणि चोकची गुंडी पूर्ण बाहेर, फिरवून अडकवलेली.

सगळीकडे असंच होतं असं मुळीच म्हणायचं नाही. माझं नशीब वाईट असेल. पण लिलावात घेणारा सहसा गाडी चालवून बघत नाही, तिच्या सवयी सांगायला मालक शेजारी नसतो, आणि जुन्या गाडीत सवयींनाच अर्धी किंमत असते.

मग दर्दी शोधायला निघालो. एमजीवाल्यांच्या क्लबच्या मासिकात चार ओळींची जाहिरात दिली. हा रस्ता सोपा आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दीड महिना गेला. एक गृहस्थ आले, सीटवर बसले, तरुणपणीच्या मैत्रिणीची आठवण काढली, दोन कप चहा घेतला आणि गेले. एकाला हीच गाडी लाल रंगात हवी होती. एकाने हप्त्यांबद्दल विचारलं.

त्यानंतर श्रॉपशरचे एक निवृत्त मास्तर आले, स्वतःचा जॅक घेऊन. परवानगी मागून त्यांनी गाडी मागून उचलली आणि दार दोन-तीनदा उघडून लावून बघितलं. सिल कुजलेले असतील तर छप्पर नसलेली गाडी अशा वेळी मधोमध वाकते, दाराची फट बदलते. बदलली नाही. ते काही बोलले नाहीत, पण माझी सहा वर्षं त्या फटीत होती आणि ती बघणारा पहिला माणूस मला भेटला होता. मग पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं, किंगपिनमध्ये (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यात) किंचित खेळ निघाला, त्याचे चारशे पौंड कापले. रबरी नळ्या ई10, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या, पेट्रोलला चालणाऱ्या आहेत का, विचारलं. 2021 पासून साध्या पंपावर तेच मिळतं, जुनं रबर त्याने खराब होतं. बिल दाखवलं. आतल्या ट्रिमचे स्क्रू फिलिप्स आहेत, पोझिड्राइव्ह हवेत (दोन्हींच्या डोक्यावरची खाच जेमतेम वेगळी), हेही सुनावलं. दर्दी माणूस घरी आला की हे ऐकून घ्यावंच लागतं.

शेवटी ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी चोकबद्दल सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी गुंडी अर्धी ओढली, फिरवली, किल्ली मारली आणि इंजिन लागताच आत ढकलली. किमतीवर मी त्यानंतर फार ताणलं नाही. तरीही हातात आलेली रक्कम लिलावातल्या सर्वांत वरच्या बोलीपेक्षा जास्त होती. एका गाडीवरून नियम काढू नका, पण मला पुरलं.

या मार्गाने जाणार असाल तर दोष स्वतःहून लिहून द्या. खाजगी विक्रीत इथला कायदा दुकानदाराइतका कडक नाही, पण तुम्ही केलेलं वर्णन खरंच असावं लागतं. चालवून बघणाऱ्याचा विमा आधी तपासा. पैसे खात्यात दिसल्यावरच किल्ली द्या. मालक बदलल्याची लॉगबुकची (गाडीच्या नोंदणीपत्राची) नोंद डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे, त्याच दिवशी करा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स शून्य असला तरी नव्या मालकाला तो आपल्या नावाने काढावाच लागतो. हे भले भले विसरतात.

लिलाव कुणासाठी, तेही सांगतो. कारखान्यातूनच व्ही8 (आठ सिलिंडरचं) इंजिन घेऊन निघालेली एमजीबी जीटी, म्हणजे पक्क्या छपराची एमजीबी, तुमच्याकडे असेल, तर त्या फक्त 2,591 झाल्या. तिथे दोन हात वर राहू शकतात. किंवा तुम्ही कायमचे पुण्याला परत निघालात आणि हाताशी दोन महिनेच आहेत, तर दर्दीची वाट बघण्यात अर्थ नाही. माझ्या मित्राचं तसं काही नाही. त्याच्याकडे गॅरेज आहे, धीर आहे, फक्त झोप नाही.

त्याला एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवली. लिलावात विकलेली गाडी विकली जाते, दर्दीला दिलेली पूर्ण जात नाही. परवा श्रॉपशरहून फोन आला, ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सला जोडलेला, विजेच्या बटणावर लागणारा जादा वरचा गिअर) लागत नाही म्हणून. आधी गिअरबॉक्सचं तेल बघा म्हटलं, दोन्हीला तेल एकच. तेल बरोबर होतं. म्हणजे वायरिंग, म्हणजे मी. रविवारी जातोय. डिकीत मल्टिमीटर टाकलाय. बायको म्हणाली, त्या गाडीत बसणार असशील तर छत्रीही ने.