वणव्याचा लाल ठिपका: 'फर्म्स' उपग्रह सेवेचा दोन हंगामांचा अनुभव

जगभरात कोठे आग लागली आहे, हे 'नासा'ची 'फर्म्स' ही मोफत सेवा नकाशावर लाल ठिपक्यांनी दाखवते आणि आपण आखून दिलेल्या टापूत आग दिसली की ईमेलने कळवते. जंगलाची राखण करणाऱ्या आमच्या छोट्या गटाने ती सलग दोन हंगाम वापरली. आग लवकर कळावी आणि लवकर विझवता यावी, एवढ्याच अपेक्षेने आम्ही नाव नोंदवले होते. दुसरा हंगाम संपेपर्यंत माझे मत असे झाले की, या सेवेचा सर्वांत मोठा उपयोग वणवा लागण्याच्या कितीतरी आधी होतो.

ठिपका वाचायला मात्र शिकावे लागते. 'व्हीआयआयआरएस' हे उपग्रहावरचे उपकरण जमीन सुमारे ३७५ मीटरच्या चौकटींत पाहते, तर जुने 'मोडिस' सुमारे १ किलोमीटरच्या. चौकटीत कोठेही आग असली तरी ठिपका चौकटीच्या मध्यावर पडतो. एकदा उपग्रहाच्या रात्रीच्या फेरीतला ठिपका सकाळी पाहून आम्ही निघालो, तर त्या जागी पाचोळा जसाच्या तसा होता आणि जळलेला पट्टा ओढ्याच्या पलीकडे सापडला. तिथे आग विझलेली दिसत होती. पण एक आडवा पडलेला ओंडका, वरून राखाडी आणि निवांत, काठीने साल उचकटताच आत लालभडक निघाला. तो फोडून, माती लोटून, हात लावून गार झाल्याची खात्री करेपर्यंत तिघांचा तासभर गेला. ठिपका नसता तर आम्ही त्या बाजूला फिरकलोच नसतो आणि दुपारच्या वाऱ्याने तो निखारा पुन्हा पाचोळ्यात नेला असता.

वेगाची अपेक्षा मात्र बाळगू नये. 'व्हीआयआयआरएस' असलेले उपग्रह स्थानिक वेळेनुसार साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास वरून जातात, आणि त्यांनी टिपलेली आग नकाशावर यायला ३ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. चढावर ज्वाळा पुढचे गवत आधीच तापवून सुकवतात, त्यामुळे तेवढ्या वेळात अख्खा उतार जळून जातो. ढग असले किंवा दाट झाडीखाली नुसता पाचोळा धुमसत असला, तर ठिपका उमटेलच असे नाही. टेकडीवर बसलेल्या राखणदाराचा फोन आजही या सेवेच्या कितीतरी पुढे आहे.

मग ती वापरायची कशासाठी? जुन्या नोंदींसाठी. 'मोडिस'च्या नोंदी नोव्हेंबर २००० पासून आणि 'व्हीआयआयआरएस'च्या जानेवारी २०१२ पासून उपलब्ध आहेत आणि त्या आपल्या टापूपुरत्या उतरवून घेता येतात. आम्ही त्या एकाच नकाशावर मांडल्या, तेव्हा बरेचसे ठिपके पायवाटेच्या आणि रस्त्याच्या कडेने दाटलेले दिसले. गाभ्यात ते विरळ होते. आमची जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, वर्षानुवर्षे भलत्याच बाजूला काढली जात होती, हे मला त्या दिवशी कळले आणि फार लागले. पुढच्या हंगामात गवत वाळण्याच्या सुमारास आम्ही रस्त्याकडची बाजू आधी धरली, गवत कापले आणि माती उघडी पडेपर्यंत पाचोळा झाडून काढला. पानगळ चालूच राहते, त्यामुळे झाडलेली रेषा पुन्हा पुन्हा झाडावी लागते. ते काम कोणताही उपग्रह करून देत नाही.

ज्यांच्याकडे जाळरेषा काढायला माणसे थोडी आहेत, त्यांनी ही सेवा जरूर वापरावी. नोंदणी करताना टापू जंगलाच्या हद्दीपेक्षा थोडा मोठा आखावा, कारण आग पुष्कळदा बाहेरून आत येते. शिवाय शेत जाळणे किंवा भट्टीची उष्णताही ठिपका म्हणून उमटते, तेव्हा अशा कायमच्या जागा पहिल्याच आठवड्यात ओळखून ठेवाव्यात.