बाबांचा अंगठा आणि ठाण्याच्या नौपाड्यातलं सोनोग्राफी सेंटर
बाबांच्या पायाचा अंगठा एका रात्रीत टम्म सुजला, चादर लागली तरी ओरडायचे. रक्तातलं युरिक ॲसिड ६.१ म्हणजे नॉर्मल आलं म्हणून आधीच्या डॉक्टरांनी गाऊट (युरिक ॲसिडचे क्रिस्टल्स सांध्यात साचून होणारा संधिवात) नाहीच सांगितलं, अटॅक चालू असताना ते नॉर्मल येऊ शकतं हे आम्हाला कुठे माहीत! एक्सरेत पण काही नाही, सुरुवातीला दिसत नाही म्हणे. मग इथे सोनोग्राफी केली. रेडिओलॉजिस्ट मॅडम एकदम भारी, स्क्रीन फिरवून दाखवलं की कूर्चेच्या (सांध्यात हाडावर असतं ते गुळगुळीत आवरण) वरच्या कडेला क्रिस्टल्सचा थर बसलाय म्हणून हाडाच्या रेषेला समांतर दुसरी पांढरी रेघ दिसते, याला डबल कंटूर म्हणतात, आणि गाऊटसारखाच पण कॅल्शियमच्या क्रिस्टल्समुळे होणारा स्यूडोगाऊट असता तर ते क्रिस्टल्स कूर्चेच्या आत दिसले असते. पक्कं करायचं तर सांध्यातलं पाणी काढून पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली बघतात हेही सांगितलं, उगाच महागडा ड्युअल एनर्जी सीटी (हे क्रिस्टल्स दाखवणारा खास स्कॅन) गळ्यात मारला नाही.
वैताग रिसेप्शनचा. अकराची अपॉइंटमेंट, नंबर लागला पावणेएकला, त्यात लिफ्ट बंद, सुजलेल्या पायाने दोन जिने! पार्किंगचं विसरा, गोखले रोडला रिक्षानेच जा.