लेगोचं गॅलेक्सी एक्सप्लोरर (१०४९७): बरेच महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. १०४९७ क्रमांकाचं गॅलेक्सी एक्सप्लोरर, म्हणजे लेगोचे प्लॅस्टिकचे तुकडे जोडून बांधायचं अंतराळयान, मोठ्यांसाठी म्हणून विकलं गेलं असलं तरी ते मनापासून खेळण्यासाठी बनवलेलं यान आहे. पहिल्या आठवड्यात माझं त्याच्याबद्दल जे मत होतं, त्याहून आज ते जास्त चांगलं आहे. खोकं उघडल्याच्या दिवशी लिहिलेले अभिप्राय ढिगाने सापडतात. पण धूळ बसल्यावर, मोडून पुन्हा जोडल्यावर, नऊ वर्षांच्या मुलीच्या ताब्यात गेल्यावर त्याचं काय होतं, हे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा खटाटोप.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीने १९७८ मध्ये हातपाय हलवणारी, हसऱ्या चेहऱ्याची छोटी माणसं बाजारात आणली. त्यांच्यासोबत शहर, किल्ला आणि अंतराळ अशा तीन दुनियाही आल्या. अंतराळाची मालिका येन्स न्यूगोर क्नुडसेन यांच्या डोक्यातून निघाली, आणि त्या छोट्या माणसाचे जनकही तेच. २०२० मध्ये ते गेले तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी आपापले जुने अंतराळवीर कपाटातून काढून त्यांचे फोटो टाकले होते. १९७९ साली या मालिकेतलं सगळ्यात मोठं यान आलं, तेच गॅलेक्सी एक्सप्लोरर. युरोपात त्याचा क्रमांक ९२८, अमेरिकेत ४९७. तुकडे ३३८. निळा आणि राखाडी रंग, पिवळ्या पारदर्शक काचा, दोन लाल आणि दोन पांढरे अंतराळवीर, मागची दारं उघडली की बाहेर येणारी छोटी गाडी, आणि यान उतरवायला खड्ड्याखड्ड्यांची राखाडी पाटी. प्रत्येक वीराच्या छातीवर सोनेरी ग्रह आणि त्याला वळसा घालून जाणारं लाल यान.

२०२२ मध्ये लेगोला ९० वर्षं झाली, त्या निमित्ताने हेच यान नव्याने आलं. तुकडे १२५४, लांबी साधारण ५२ सेंटिमीटर. म्हणजे लांबी जुन्यापेक्षा जवळजवळ दीडपट. या दीडपटीत खरी हुशारी आहे. लहानपणी दोन्ही हातांनी उचलावं लागणारं यान चाळिशीनंतर हातात घेतलं तर ते किरकोळ वाटतं. नव्या यानाला आजही दोन्ही हात लागतात.

आता माझं नातं सांगतो, कारण त्याशिवाय हा अभिप्राय अर्धवट राहील. माझा मामा पश्चिम जर्मनीत नोकरीला होता आणि सुट्टीत येताना त्याने स्पेस क्रूझर आणलं होतं, ९२४ क्रमांकाचं, एक्सप्लोररचं मधलं भावंड. आपल्याकडे तेव्हा लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्टचा मेकॅनो मिळायचा. प्लॅस्टिकचे ठोकळेही मिळायचे, पण ते दोन दिवसांत ढिले पडायचे. हे तुकडे मात्र खट्‌कन बसायचे आणि बसलेलेच राहायचे. दादरच्या आमच्या चाळीत गॅलरीभर पोरं जमायची आणि प्रत्येकाला यान उडवायची पाळी मिळायची. १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले, त्या एप्रिलमध्ये आमच्या पांढऱ्या वीराचं नाव शर्मा ठेवलं गेलं आणि ते शेवटपर्यंत तेच राहिलं. मोठं यान आम्ही फक्त छापील पत्रकात पाहिलं होतं. ते पत्रक घड्यांवर फाटेपर्यंत पाहिलं.

जगभरच्या चाहत्यांच्या आठवणी वाचल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. त्या मालिकेने गोष्ट दिलीच नव्हती. शत्रू नव्हता, बंदूक नव्हती, कुणाला नाव नव्हतं, सगळ्यांचा चेहरा एकच आणि तो हसरा. लाल कपडे घातलेला वैमानिक की आणखी कुणी, हेही आपणच ठरवायचं. म्हणून स्वीडनमधल्या मुलाची आठवण आणि दादरमधल्या मुलाची आठवण तपशिलात काडीमात्र जुळत नाही, तरी दोघं एकमेकांना लगेच ओळखतात. खोक्याच्या मागच्या बाजूला त्याच तुकड्यांतून होणाऱ्या इतर यानांची चित्रं असायची. कृती मात्र दिलेली नसायची. चित्राकडे बघून बघून कसं बांधलं असेल ते शोधायचं. माझ्या मते त्या मालिकेचं अर्धं मोठेपण या न दिलेल्या कृतींमध्ये होतं.

पुढे १९८७ मध्ये याच मालिकेत ब्लॅकट्रॉन नावाचा गट आला, काळा आणि पिवळा, आणि मुलांनी आपणहून त्यांना खलनायक ठरवलं. १९८९ मध्ये स्पेस पोलीस आले, त्यांच्या यानांत ब्लॅकट्रॉनच्या कैद्यांसाठी कोठड्या होत्या. १९९० मध्ये चुंबकांनी माल उचलणारं एम-ट्रॉन. १९९३ मध्ये आइस प्लॅनेट २००२, भगव्या झळाळत्या पारदर्शक तुकड्यांचं. कुणाचा जीव कशात अडकला हे जन्मसालावरून ओळखता येतं. ऐंशीच्या दशकात वाढलेले निळ्या-राखाडी यानांसाठी भांडतात. त्यांच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान असलेले एम-ट्रॉनची चुंबकं अजून जपून ठेवतात. आणि १९८७ ची ती मोनोरेल, ६९९०, हिच्याबद्दल बोलताना मोठमोठी माणसं हळवी होतात. विजेवर चालणारी, खांबांवरून जाणारी गाडी होती ती. तिचे रूळ आज जुन्या बाजारात ज्या भावाने जातात तो ऐकून पोटात गोळा येतो. १९९९ मध्ये स्टार वॉर्सचे संच आले आणि स्वतःच्या कल्पनेतलं अंतराळ मागे पडलं. नंतर २००१, २००७, २००९, २०१३ असं ते अधूनमधून परत आलं, पण ती वीस वर्षांची सलग ओळ तुटली ती तुटलीच. त्याबद्दलची चाहत्यांची हळहळ मला पूर्णपणे रास्त वाटते.

तर, वापर.

बांधायला घाई करू नका. पुस्तिका चांगली आहे, टप्पे स्पष्ट आहेत. सगळ्यात जास्त आवडलं ते हे की चिकटवायचं एकही स्टिकर नाही, चिन्हं आणि फलक सगळे तुकड्यांवरच छापलेले. रोज हाताळायच्या वस्तूला याने फार फरक पडतो. इतके महिने बोटं लागूनही एकही कड उचकटलेली नाही, कारण उचकटायला काही नाहीच. आत झोपायची जागा आहे, आतलं आणि बाहेरचं वेगळं करणारा हवाबंद कक्ष आहे, मागे मालाची जागा, त्यात गाडी, सोबतीला एक छोटा रोबो. उतरायचे पाय दुमडतात. जुन्या यानात ही सोय नव्हती आणि मला ती इतकी आवडते की यान फडताळावर ठेवतानाही मी आधी पाय उघडतो.

मजबुतीबद्दल मला खरी शंका होती, ती फिटली. पंखांना धरून नव्हे, पोटाखाली तळवा घालून उचलायचं. मग ते घरभर फिरवा, गॅलरीत न्या, एका हातावर वळवा, काही सुटत नाही. माझ्या लेकीने ते जिन्यावरून आवाज काढत खाली नेलं आणि वरही आणलं. सुटलं असेल तर पुढच्या टोकावरचं काहीतरी बारीक, जे लगेच लागतं.

खरी कसोटी पुढे होती. डब्यात आणखी दोन यानांच्या कृती आहेत, जुन्या ९२४ आणि ९१८ वर बेतलेल्या. त्यासाठी मोठं यान पूर्ण मोडावं लागतं. बहुतेक मोठी माणसं इथेच थांबतात. मला आग्रहाने सांगायचंय की मोडा. ९२४ बांधताना मामाच्या यानाची रेष न् रेष ओळखीची निघाली, ते पंखांचं टोक, ती नाकाची उतरण. ते यान चाळ सोडताना कुणाकडे गेलं कोण जाणे. आज ते पुन्हा माझ्या टेबलावर उभं होतं, दीडपट वाढून. बाजूला उरलेल्या तुकड्यांचा ढीग होता आणि त्या ढिगातूनच पुढचं सगळं घडलं.

लेक म्हणाली, "बाबा, हे उरलेलं माझं ना?" मी हो म्हटलं. तिने दोन मजली तळ बांधला. वर पिवळ्या काचेची खोली, खाली गाडीचा गोठा (हा शब्द तिचाच, आजोळी गाय आहे). रोबोला तिने स्वयंपाकाला लावलं. कुणी तिला गोष्ट सांगितली नव्हती, सिनेमा दाखवला नव्हता. पेनसिलीने कागदावर खड्डे काढून तिने पाटीही केली, कारण नव्या संचात ती खड्ड्यांची पाटी नाही. मला ती हवी होती. जुन्या यानाला उतरायला जमीन मिळायची, नव्याला मिळत नाही. माझ्या दृष्टीने या संचातली सगळ्यात मोठी उणीव हीच.

दुसरी बाब रंगाची. लेगोने २००४ मध्ये राखाडी रंग बदलला. जुना किंचित उबदार होता, नव्यात निळसर झाक आहे. जुने तुकडे जवळ असतील तर शेजारी ठेवल्यावर फरक डोळ्यांत भरतो. नसतील तर कळणारही नाही. पिवळ्या काचांवर धूळ पटकन दिसते. ती कोरड्या फडक्याने पुसू नका, बारीक ओरखडे उमटतात. रंगवायचा मऊ ब्रश घ्या आणि नुसता फिरवा. खिडकीच्या उन्हात ठेवू नका. या प्लॅस्टिकचे फिके रंग उन्हाने पिवळे पडतात. पिवळे पडलेले जुने तुकडे काही चाहते हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवतात आणि बराच रंग परत आणतात, पण ते काम मुलांपासून लांब, हातमोजे घालून करायचं.

हेल्मेटबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. जुन्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा इतका बारीक होता की तो बरोब्बर मधोमध चिरायचा. हे इतक्या घरांत झालं की २०१४ च्या 'द लेगो मूव्ही'मधला निळा अंतराळवीर बेनी तुटलेल्या पट्ट्याचाच दाखवला, छातीवरचं चिन्हही झिजलेलं. चाहत्यांनी ते पाहिलं आणि ज्याला त्याला आपलाच वीर वाटला. नव्या हेल्मेटचा पट्टा जाड आहे. आमच्या घरी तो रोज डोक्यावरून निघतो आणि चढतो, अजून शाबूत आहे.

किंमत. अमेरिकेत हे जवळजवळ १०० डॉलरला होतं. आकार आणि तुकडे पाहता तो भाव वाजवी होता. आता ते कंपनीकडे मिळत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या हातचं किंवा साठेबाजाकडून घ्यावं लागेल. मी ज्या विक्रेत्याकडून मागवलं त्याने खोकं चेपलेलं पाठवलं. आतल्या पिशव्या बंद होत्या म्हणून निभावलं. तुम्ही पिशव्यांचे फोटो आधी मागा. उघडलेला संच घेत असाल तर पिवळ्या काचा आणि छापील तुकडे नीट बघून घ्या, बाकीचं सगळं सुटं मिळतं.

आणि मूळ १९७९ चं यान घ्यावं का? पैसा असेल आणि ते फक्त पाहायचं असेल तर जरूर. मुलांच्या हातात द्यायचं असेल तर नवंच. जुन्या बिजागऱ्या आणि काचा आता चाळीस वर्षांपेक्षा जास्त जुन्या आहेत, त्यांच्याकडून रोजच्या खेळाची अपेक्षा करणं त्यांच्यावर अन्याय आहे.

मालिका बंद पडली तरी लोक बांधायचे थांबले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. दर फेब्रुवारीत जगभरचे चाहते चंद्रावरच्या गाड्या बांधतात, त्याला ते फेब्रोव्हरी म्हणतात. सप्टेंबरात शिपटेंबर असतो, त्यात किमान १०० स्टड (तुकड्यावरचे गोल उंचवटे) लांबीचं यान बांधायचं. शंभर स्टड म्हणजे ८० सेंटिमीटर, आमच्या जेवणाच्या टेबलाची जवळजवळ रुंदी. यंदा फेब्रुवारीत लेकीने गोठ्यातल्या गाडीला सहा चाकं लावून फोटो काढला. आता तिला ब्लॅकट्रॉन हवंय. २०२५ मध्ये ब्लॅकट्रॉनच्या जुन्या रेनेगेड यानाचीही अशीच नवी आवृत्ती आली आहे, १०३५५ क्रमांकाची. काळ्या यानातले लोक वाईट नाहीत, ते फक्त रात्री काम करतात, असं तिने आत्तापासूनच ठरवून टाकलंय. मागवलं की कळवतो.